शेजारच्या मळ्यातली रेड वाइन

वेस्ट विंडसरमधल्या मराठी घरांत वाइनचा विषय निघाला, की गप्पा नापा व्हॅलीतून थेट नाशिकला पोचतात. आपलं न्यू जर्सी कुणाच्या गावीही नसतं. खरं तर प्रिन्स्टन जंक्शनपासून फार लांब नाही, रॉबिन्सव्हिलच्या बाजूलाच वर्किंग डॉग वायनरीचा द्राक्षमळा उभा आहे.

या वायनरीचं आधीचं नाव सिल्व्हर डिकॉय. त्या नावाने तिची कॅबर्ने फ्रँक ही रेड वाइन 8 जून 2012 रोजी प्रिन्स्टनमध्ये भलत्याच कठीण परीक्षेला बसली. 1976 साली पॅरिसमध्ये कॅलिफोर्नियाने फ्रेंच वाइनना मागे टाकलं, तेव्हा तिथे हजर असलेले पत्रकार जॉर्ज टेबर या प्रिन्स्टनच्या परीक्षेच्या आयोजकांत होते. नऊ परीक्षक, झाकलेल्या बाटल्या. रेडमध्ये बोर्डोच्या चार आणि न्यू जर्सीच्या सहा. पहिली मूतों रोथशिल्ड, दुसरी ओ-ब्रियाँ, तिसरी मात्र न्यू जर्सीतल्या मुलिका हिलच्या हेरिटेज वायनरीची. सिल्व्हर डिकॉय आठवी.

‘न्यू जर्सीने फ्रान्सची जिरवली’ ही बढाई मला पटत नाही. पहिले दोन नंबर फ्रान्सचेच होते. खरी गंमत नंतरच्या गणितात आहे. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड क्वांट यांनी गुण तपासले, तेव्हा शेवटची रेड सोडली तर बाकीच्यांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पुन्हा चाखल्या असत्या, तर क्रम सहज बदलला असता. आणि जर्सीच्या बाटल्यांची सरासरी किंमत त्या बड्या फ्रेंच बाटल्यांच्या सुमारे पाच टक्के!

नाशिककडच्या दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला न्यू जर्सीचा उन्हाळा दाखवला, तर तो आधी पानं उलटून बघेल. दमट हवा आणि मधूनच पाऊस म्हणजे भुरी आणि केवडा हे वेलीचे रोग आलेच. वेळापत्रक मात्र वेगळं. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये वाइनच्या द्राक्षांची काढणी. इथे वेल थंडीभर झोपते, छाटणी हिवाळा संपता संपता एकदाच, आणि माल तयार होतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमका वादळांच्या हंगामात. म्हणून कॅबर्ने फ्रँक ही द्राक्षाची जात इथे शहाणपणाची. ती कॅबर्ने सॉव्हिन्यॉंच्या आधी पिकते आणि थंडीही जास्त सोसते. कच्ची तोडली तर वाइनला चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. पिकली की रासबेरीकडे झुकते.

तोडलेल्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइनचा रस सालींसकट आंबवतात. वायूच्या जोराने साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो वाळतो आणि रंगही नीट उतरत नाही. मग चोथा दाबून काढायचा. पुढे जिवाणू बोचऱ्या मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात, आणि ओकच्या पिंपात वाइन निवते.

फ्रान्स आणि अमेरिकेच्या वेलींचं नातं तसं जुनंच. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी कीड अमेरिकेतून फ्रान्सला गेली आणि तिथल्या बागा उठल्या. उपायही अमेरिकेचाच: इथल्या रानवेलींच्या खुंटावर फ्रेंच कलम. आपल्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा टेक्ससचा.

इथल्या कॅबर्ने फ्रँकची बाटली तांबड्या रश्श्याबरोबर उघडू नये. तिखटाने सालीतून उतरलेलं टॅनिन अधिकच तुरट लागतं. सुकं मटण असेल, तर बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून जरूर उघडावी.