‘पंप पाणी ओढतो’ : एक क्रियापद आणि विहिरीवरील पंपाचा बिघाड

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. घोड आणि भीमा या नद्यांचा आधार असला, तरी तेथील काळ्या कातळात खोदलेल्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात बरीच खाली जाते. आणि नेमक्या याच दिवसांत घरच्या विहिरीवरील पंप ‘पाणी ओढीनासा’ होतो. मग पंपच बिघडला असे समजून तो उघडला जातो. या समजुतीला ‘ओढणे’ हे क्रियापद बळ देते. कारण ओढणाऱ्यात जोर असला, की पाणी कितीही खोलीवरून यावे, असे त्यातून सूचित होते.

वस्तुतः काठावरील पंप पाणी ओढीत नाही. पाण्याने भरलेला पंप फिरू लागला, म्हणजे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला हवेचा भार ते पाणी वर ढकलतो. असा पंप सुमारे १० मीटरांपलीकडे पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नमूद केले. हवेचा भार हे त्याचे कारण टॉरिचेलीने १६४४ मध्ये मांडले. व्यवहारात ही मर्यादा ६ ते ७ मीटरच धरावी लागते.

हे ध्यानी घेतल्यास तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम पंपापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. ती मर्यादेबाहेर असल्यास पंप खालच्या ओट्यावर घ्यावा, अथवा पाण्यात बुडणारा पंप बसवावा. तो मात्र खरोखरच पाणी खालून ढकलतो. खोली योग्य असून पंप थांबताच पाणी उतरत असेल, तर फूटव्हॉल्व्ह (बोलीतील ‘फुटबॉल’) गळतो किंवा त्यात कचरा अडकला आहे असे समजावे. धार तुटक येऊन हवा फुरफुरत असेल, तर सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा शिरते. पंप चालू असता तेथे थेंबही गळत नाही, म्हणून हा दोष सहसा दृष्टीस पडत नाही. धार अखंड परंतु क्षीण असल्यास मोटर उलटी फिरते काय, विजेचा दाब कमी आहे काय, पंपातील पंखा झिजला आहे काय, हे क्रमाने पाहावे. पंपास हात लावण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करणे अर्थातच आवश्यक होय.

बोलीतील क्रियापद बदलण्याचे कारण नाही. परंतु पंप कोरडा चालून निकामी होण्यापूर्वी ‘पाणी ढकलणारी हवा कोठे अडली?’ हा प्रश्न विचारला गेला, तर ऐन टंचाईतील पुष्कळसा खर्च टळेल.