विश्लेषण : शहरात रोज फिरवायला कोणती मोटरसायकल परवडते?

साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि रोजच्या वापराच्या मोटरसायकली काही हजारांनी स्वस्त झाल्या. साहजिकच १०० सीसीचे बजेट घेऊन शोरूममध्ये गेलेल्या ग्राहकाला १२५ किंवा १५० सीसीचा मोह होतो. मात्र जाहिरातीतली किंमत वेगळी आणि पाच वर्षांत खिशातून जाणारी रक्कम वेगळी. हा हिशेब कसा मांडायचा?

ऑन-रोड किंमत का वाढते?

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यावर वाहन कर, नोंदणी आणि विमा यांचा खर्च येतो. महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंतच्या दुचाकीला १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनला १२ टक्के एकरकमी कर लागतो. म्हणजे ८० हजारांच्या १२५ सीसी गाडीवर करच ८,८०० रुपये होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीसाठी हा हप्ता ३,८५१ रुपये, तर १५० ते ३५० सीसीसाठी थेट ७,३६५ रुपये आहे. त्यावर जीएसटी वेगळा.

कोटेशनमधले क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी हे मात्र ऐच्छिक खर्च आहेत. कोटेशन लेखी आणि बाबनिहाय घ्यावे. नको असलेल्या बाबी तिथेच कमी करता येतात. विमाही डीलरकडूनच घेण्याचे बंधन नाही.

अ‍ॅव्हरेजला किती महत्त्व द्यावे?

ते रोजच्या अंतरावर ठरते. कंपनीचा आकडा ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचा असतो. सिग्नल, ट्रॅफिक आणि डबलसीट यांमुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो. समजा एक गाडी लिटरला ६५ किलोमीटर आणि दुसरी ५५ किलोमीटर देते, वर्षातले ३०० दिवस ती चालते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. रोज १० किलोमीटर फिरणाऱ्याला या दोन गाड्यांमध्ये वर्षाला जेमतेम ९०० रुपयांचा फरक पडतो. रोज ३० किलोमीटर असेल तर हाच फरक सुमारे २,६०० रुपये, म्हणजे पाच वर्षांत १३ हजार होतो. तिसरी गाडी ४५ किलोमीटरच देत असेल, तर ६५वालीच्या तुलनेत पाच वर्षांत सुमारे ३२ हजारांचे जादा पेट्रोल लागते. थोडक्यात, ऑफिस जवळ असेल तर दोन-चार किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी अडून बसण्यात अर्थ नाही. लांब असेल, तर मोठ्या इंजिनची हौस दर महिन्याला मोजावी लागते.

१०० की १२५ सीसी?

एकट्याने, सपाट रस्त्यावर आणि गर्दीतून जायचे असेल तर १०० सीसी पुरेशी ठरते. हीरो स्प्लेंडर प्लसचे इंजिन ९७.२ सीसीचे असून ताकद सुमारे ८ पीएस आहे. होंडा शाइन १२५ जवळपास ११ पीएस देते, पण दोघींचे वजन ११० ते ११५ किलोच्या घरातच आहे. त्यामुळे रोज मागे कोणी बसणार असेल, वाटेत चढ किंवा उड्डाणपूल असतील, किंवा काही अंतर महामार्गावरून जायचे असेल, तर १२५ सीसीचा फायदा जाणवतो. ओव्हरटेक करताना इंजिनची दमछाक होत नाही. पल्सर १५० सारखी गाडी सुमारे १५० किलोची आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती रोज मागेपुढे ढकलावी लागते, हेही लक्षात घ्यावे.

सीएनजीचा पर्याय कोणाला?

बजाजने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात फ्रीडम १२५ ही सीएनजी मोटरसायकल आणली. तिच्यात दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल मावते. रोज बरेच अंतर कापणाऱ्याला ती स्वस्त पडू शकते. मात्र रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का आणि तिथे रांग किती असते, हे आधी पाहावे.

ब्रेकमध्ये काटकसर का नको?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना किमान सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक लॉक होणे त्याने थांबत नाही. ते काम एबीएसचे. पहिल्या पावसात निसरड्या झालेल्या डांबरावर हा फरक जिवावरचा ठरू शकतो. हीरो एक्स्ट्रीम १२५ आर सारख्या काही १२५ सीसी गाड्यांत पुढच्या चाकाला एबीएस मिळते. बजेट अपुरे पडत असेल तर ब्लूटूथ मीटर किंवा ग्राफिक्सवाली आवृत्ती सोडावी. पुढचा डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर आणि चांगले आयएसआय हेल्मेट सोडू नये.

हप्त्याचे गणित कुठे चुकते?

‘फक्त १० टक्के’ व्याज फ्लॅट आहे की घटत्या मुद्दलावर, हे विचारलेच जात नाही. ८० हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज २४ हजार होते आणि हप्ता सुमारे २,८९० रुपये येतो. घटत्या मुद्दलावर त्याच दराने व्याज सुमारे १३ हजार आणि हप्ता २,५८० रुपयांच्या आसपास. म्हणजे फ्लॅट १० टक्के प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या जवळ जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तेवढा एक आकडा वाचावा.

सेकंडहँड घेताना काय पाहावे?

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ गाडी शक्यतो घ्यावी. आरसीवर कर्जाचा बोजा, थकीत ई-चलान आणि विम्याची मुदत तपासावी. कर्ज फिटले असल्यास फायनान्स कंपनीची एनओसी हातात घ्यावी. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहावे. इंजिन गार असताना स्वतः गाडी सुरू करून पाहावी आणि ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे. पैसे देतानाच फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करावी. नवी असो वा जुनी, ज्या रस्त्याने रोज जायचे त्याच रस्त्यावर, शक्य असल्यास डबलसीट, टेस्ट राइड घेतल्याशिवाय टोकन देऊ नये.