ओकच्या राईतला डाव

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने निदान सहा महिने तरी तिथल्याविषयी बोलू नये, असे माझे मत आहे; आणि तो मराठीचा प्राध्यापक असेल तर दोन वर्षे. ती मुदत मी इमानाने पाळली आहे. तेव्हा आता एका सकाळीपुरती वाचकांनी मला सवलत द्यावी. या लेखात नायगरा नाही, डिस्नेलँड नाही, आकाशाला टेकलेल्या इमारतीही नाहीत. एक सार्वजनिक बाग, तिच्यातली जुनी झाडे आणि त्या झाडांमधून प्लॅस्टिकच्या चकत्या फेकीत हिंडणारी तीन माणसे, एवढाच याचा ऐवज.

त्या तिघांतला एक मी, वय वर्षे पंचेचाळीस. दुसरा माझा धाकटा भाऊ. तिसरा त्याचा चौदा वर्षांचा मुलगा. त्या दिवशी तो आम्हा दोघांचा गुरू होता.

२०२३ च्या जून महिन्यात मी भावाकडे गेलो होतो. तो लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, पॅसाडिनाजवळ राहतो. पंधरा दिवसांत आम्ही पुष्कळ पाहिले, पुष्कळ खाल्ले आणि बोललो मात्र काहीच नाही. म्हणजे हवापाण्याविषयी बोललो, मुलांच्या अभ्यासाविषयी बोललो. ज्याविषयी बोलायला हवे होते, ते दोघांनीही टाळले. २०२० च्या मे महिन्यात आमचे वडील, अण्णा, सांगलीला वारले. मार्चपासूनच परदेशची विमाने बंद झाली होती. भावाला येता आले नाही. हे मला समजत नव्हते असे नाही. वर्तमानपत्र मीही वाचतो. तरीसुद्धा तेराव्या दिवशी फोनवर मी त्याला म्हणालो, "तुझं काय, तू तिकडे सुटलास!" तो काही बोलला नाही. पुढे तीन वर्षे दर रविवारी आमचे फोन होत राहिले. पण ते वाक्य मध्ये बसून होते ते होतेच.

एका शनिवारी रात्री पुतण्या म्हणाला, "काका, तू उद्या माझ्याबरोबर चल. आपण डिस्क गोल्फ खेळू. बाबा, तू पण." हा मुलगा देवापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांना 'तू'च म्हणतो. मी पहिले दोन दिवस त्याला दुरुस्त केले. मग माझ्या लक्षात आले, की इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी 'तुम्ही'ही म्हटलेले नाही. आणि तो नाद सोडला.

बागेचे नाव हहामोंग्ना. हे नाव तिथल्या मूळच्या टोंग्वा लोकांच्या भाषेतले आहे. पूर्वी तिला ओक ग्रोव्ह पार्क, म्हणजे सरळ मराठीत ओकची राई म्हणत. खेळणारी मंडळी अजूनही तेच नाव घेतात. उत्तरेला सॅन गॅब्रिएलचे उघडेबोडके डोंगर, खाली आरोयो सेको नावाचा उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा, आणि बागेला अगदी खेटून जेट प्रपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे मंगळावर गाड्या चालवणारी ती सुप्रसिद्ध संस्था. १९३६ साली काही हौशी तरुणांनी याच ओढ्याच्या पात्रात रॉकेटचे इंजिन पेटवून पाहिले आणि त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. कुंपणाच्या एका बाजूला कोट्यवधी मैलांवर वस्तू नेमकी उतरवणारी माणसे. दुसऱ्या बाजूला ऐंशी मीटरांवरच्या टोपलीत चकती पोचवता न येणारा मी!

तिथला ओक आपण चित्रांत पाहतो तसा नसतो. तो बारमाही हिरवा. पाने लहान, कडांना काटे. खोडे वाकडीतिकडी, आणि फांद्या कुठे कुठे जमिनीपर्यंत उतरलेल्या. टोंग्वा लोक याची फळे कुटून, पाण्याने त्यांचा कडूपणा घालवून, त्यांची लापशी करून खात. खाली वाळक्या पानांचा थर. मध्येच तीन-तीन पानांचे एक झुडूप दिसते. त्याला हात लावू नकोस, अंगभर खाज सुटेल, असे पुतण्याने मला आधीच बजावून ठेवले होते.

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मखमली हिरवळ, पांढरे बूट आणि भरमसाट वर्गणी उभी राहते. इथे त्यातले काही नाही. तिकीट नाही, दारवान नाही, गणवेश नाही. चेंडूऐवजी चकती आणि खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती अलगद टोपलीत पडते. अशा अठरा टोपल्या बागभर विखुरलेल्या. कुठली साठ-सत्तर मीटरांवर, कुठली शंभराच्या पुढे. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून. नंतर चकती जिथे पडेल तिथून पुढची. ज्याची चकती टोपलीपासून सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचे. एवढे समजले की खेळ समजला. जमला मात्र नाही.

चकत्याही तीन जातींच्या असतात. लांब जाणारी पातळ, धारदार कडेची, मधल्या पल्ल्याची, आणि टोपलीजवळची बोथट, जाड कडेची. वजन साधारण पावणेदोनशे ग्रॅम. चकतीला गिरकी असेल तर ती हवेत आडवी तोल सांभाळून राहते; गिरकी कमी पडली की कलंडते. उजव्या हाताच्या माणसाने छातीपासून बाहेर फेकली, तर वेग ओसरताना ती डावीकडे वळते. म्हणजे समोर झाड असेल तर उजवीकडून घालायची आणि वळणाची वाट पाहायची. हे सर्व पुतण्याने मला दोन मिनिटांत सांगितले. मी जोर करून पहिली चकती फेकली. तिचे नाक वर गेले. ती आभाळाकडे चढली, क्षणभर थबकली आणि माझ्याच मागे वीस पावलांवर येऊन पडली.

"काका, तू उणे वीस!" पुतण्या म्हणाला.

मी ओशाळून दुसरी उचलली. या वेळी जोर न करता, मनगटाने. ती दोन खोडांमधून सरळ गेली. तेवढ्यात मागून भावाचा आवाज आला, "दादा, झाकण!"

त्या एका शब्दाने मी पस्तीस वर्षे मागे गेलो. सांगलीच्या आमराईत अण्णा आम्हा दोघांना पहाटे फिरायला नेत. मोठमोठे आंबे, धुके, आणि अण्णांच्या हातात डालड्याच्या डब्याचे झाकण. दूरचे एक खोड ठरवायचे आणि झाकण त्याला कोण आधी लावतो ते पाहायचे. आई रोज विचारी, "डबा उघडा कसा?" आणि अण्णा वर्तमानपत्र वर धरीत. हे सगळे मी विसरून गेलो होतो. भाऊ विसरला नव्हता.

पुढच्या टोपलीच्या वाटेवर एक कुटुंब कुत्र्याला घेऊन चालले होते. बाग सर्वांची, चालणाऱ्याचा मान पहिला, तेव्हा ते पार होईपर्यंत थांबायचे. थांबल्या थांबल्या मी पुतण्याला झाकणाची गोष्ट सांगितली. तो मुळीच हसला नाही. म्हणाला, "मग तुम्ही बरोबरच खेळत होता." हा खेळ पहिल्याने झाकणांनीच खेळला गेला, हे मला त्याच्याकडून कळले. १९२६ साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातील ब्लॅडवर्थ गावी शाळेची मुले डब्यांची झाकणे फेकून असाच गोल्फ खेळत. पुढे कनेक्टिकटमधल्या फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकू लागले. त्यावरून चकतीला नाव मिळाले. फ्रेड मॉरिसन नावाच्या तरुणाला १९३८ साली समुद्रकिनाऱ्यावर कोणी तरी पाच सेंटांच्या केकच्या ताटलीचे पंचवीस सेंट देऊ केले, तेव्हा त्याने ओळखले की यात धंदा आहे. त्याने प्लॅस्टिकची चकती केली आणि १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली.

त्याच कंपनीतला एड हेड्रिक हा या खेळाचा खरा जनक. चकती हवेत स्थिर राहावी म्हणून तिच्या पाठीवर गोल कंगोरे घालण्याची युक्ती त्याची. १९६७ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. आणि १९७५ साली जगातले पहिले कायमचे डिस्क गोल्फ मैदान त्याने आखले ते याच ओकच्या राईत. आरंभी टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. तो वाद मिटवण्यासाठी त्याने साखळ्यांची टोपली काढली. साखळी वाजली आणि चकती टोपलीत राहिली, की पुढे बोलणे नाही. तिचे पेटंट १९७७ चे. आज जगात अशी पंधरा हजारांवर मैदाने आहेत आणि त्यांतली पुष्कळशी अशाच सार्वजनिक बागांत, फुकट खेळता येतील अशी आहेत. एक झाड न तोडता, एक भिंत न बांधता मैदान होऊ शकते, हे मला त्या मुलाच्या तोंडून ऐकताना आमच्या पेठेतली एक गेलेली मोकळी जागा आठवली. पण तो विषय वेगळा.

"आणि काका, तो २००२ मध्ये गेला ना," पुतण्या सांगत होता, "तेव्हा त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क केल्या. त्याला तसंच हवं होतं."

मुलगा आपला सहज बोलून पुढे गेला. आम्ही दोघे मागे राहिलो. आणि कोणीच कोणाकडे पाहिले नाही.

माझी पुढची फेक डावीकडे वळून एका थोरल्या ओकखाली गेली. मी शोधायला गेलो. भाऊ मदतीला आला. वाळक्या पानांत दोघे वाकून पाने चाळत होतो. एकमेकांची तोंडे दिसत नव्हती. तो खालीच पाहत म्हणाला,

"दादा, तू हरिपूरला अस्थी सोडल्यास ना, सकाळी आठला. इथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. घरात मला बसवेना, म्हणून गाडी घेऊन इथे बाहेर रस्त्यावर येऊन थांबलो होतो. फोनवर बघत होतो. तुझा हात वर गेलेला दिसला आणि चित्र तिथेच अडकलं. मडकं पाण्यात गेलेलं मी पाहिलंच नाही."

मी ताठ उभा राहिलो. कृष्णा-वारणेच्या संगमावर शेजारच्या मुलाने फोन धरला होता. मी वळून पाहिले तेव्हा पडदा काळा होता. भावाने मध्येच फोन ठेवला, त्याला बघवले नाही किंवा वेळ नव्हता, असे मी धरून चाललो. विचारले मात्र कधी नाही. तेराव्याचे ते वाक्य त्या काळ्या पडद्यातून आले होते.

"मला वाटलं, तू फोन ठेवलास," मी म्हणालो.

"मी अर्धा तास तोच हात बघत बसलो होतो."

थोड्या वेळाने मी म्हणालो, "मी तेव्हा बोललो ते चुकलं माझं." हे सहा शब्द म्हणायला मला तीन वर्षे लागली. त्याने पानांतून माझी चकती उचलली नाही. नियमाप्रमाणे तिच्याकडे नुसते बोट दाखवले. मग डोळे पुसून म्हणाला, "खेळ दादा. तुझी लांब आहे, आधी तू."

चकतीच्या अगदी वर एक फांदी आडवी आली होती. मी ती हाताने बाजूला करू लागलो तसा पुतण्या लांबून ओरडला. फांदी वाकवायची नाही, मोडायची तर नाहीच, आपण वाकायचे. चकती जिथे पडली तिथूनच पुढे जायचे. अशी का पडली, याची तक्रार झाडाकडे करता येत नाही. मी गुडघा टेकला, फांदीखालून हात काढला आणि चकती जमिनीलगत फेकली. ती फार गेली नाही. पण झाडीबाहेर, उजेडात गेली.

त्यानंतरच्या टोपल्या आम्ही कशा खेळलो ते मला नीट आठवत नाही, कारण आम्ही सारखे बोलत होतो. अण्णांचे शेवटचे आठ दिवस त्याने मला तासातासाने विचारले, मी सांगितले. ते शेवटी काय खाऊन निजले, हेही विचारले. गुरगुट्या भात, मी म्हणालो. त्या वाटेवर समोरासमोर बसायचे नसते. शेजारून चालायचे असते, नजर पुढच्या झाडावर ठेवायची असते. म्हणून बोलता आले असेल. अठराव्या टोपलीत माझी चकती साखळ्यांवर आदळली, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरातल्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा आवाज झाला. भावाने माझ्याकडे पाहिले. त्यालाही तेच ऐकू आले होते.

गुणपत्रिका सांगायलाच हवी: पुतण्या एकोणसाठ, भाऊ चौऱ्याहत्तर आणि मी एकशे आठ. कमी गुणांचा जिंकतो. विद्यार्थ्यांना हा नियम मी अजून सांगितलेला नाही.

निघताना पुतण्याने एक निळी चकती माझ्या पिशवीत घातली. ती माझ्या टेबलावर, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून आहे. यंदाच्या दिवाळीला ते सगळे सांगलीला येत आहेत. पहिल्या सकाळी अभ्यंगस्नान उरकून हरिपूरला संगमावर जायचे, हे भावाने आधीच ठरवले आहे. तिथून आमराईत. चकती बरोबर न्यायची की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. कारण पहाटे फिरायला येणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींच्या टोप्यांचा प्रश्न आहे. पण पुतण्याने फोनवर मला एक काम सांगून ठेवले आहे:

"काका, तू फक्त एक जुनं झाकण शोधून ठेव."