चेहरा आणि शहर : जालन्याची छायाचित्र-वही

जुन्या पेढीच्या वह्या चाळल्या, तर शंभर वर्षांपूर्वी कोणत्या आसामीकडे किती येणे होते, ते आणे-पैपर्यंत कळते. ती वही लिहिणारे मुनीमजी दिसायला कसे होते, पेढी कोणत्या गल्लीत होती, गादीवर बसल्यावर समोर काय दिसत असे, हे मात्र कळत नाही. रोजमेळ आणि खतावणी जपणाऱ्या व्यापारी समाजाने चेहऱ्यांची आणि जागांची वही कधी घातली नाही.

जालन्यातील घराण्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. मारवाडातून लोटा-डोर घेऊन निघालेली अनेक कुटुंबे या बाजारपेठेत स्थिरावली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही येथे लहानथोरांच्या तोंडी आहे. त्या पाळण्याची दोरी ज्यांनी हलविली, त्यांची छायाचित्रे घरोघरी भिंतीवर आहेत. पण ती बहुधा स्टुडिओतील. आजोबा खुर्चीवर बसलेले, हातात काठी, आणि पाठीमागे रंगविलेला पडदा. त्या पडद्यावर कारंजे असते, संगमरवरी खांब असतात, कधी विलायती बाग असते. नसते ते केवळ जालना. चेहरा एकीकडे आणि शहर दुसरीकडे, अशी ही ताटातूट आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना आता क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. वाणिज्य शाखेची मुले सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेतात, चार आलेख काढतात आणि प्रकल्प बांधून सादर करतात. त्यांतील काहींनी ही ताटातूट मिटविणारा प्रकल्प हाती घ्यावा : एका बाजूला माणसाचे छायाचित्र, दुसऱ्या बाजूला तो ज्या शहरात उभा आहे त्या शहराचे. कल्पना नवी वाटेल. पण महाराष्ट्रात ती छायाचित्रकलेच्या आरंभापासून आहे, आणि तिचा पहिला प्रयोग कोठे फसला हे पाहणे मुलांच्या उपयोगाचे आहे.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही व्यक्तिचित्रांसाठी ओळखले जात. म्हणजे हातात कॅमेरा घेऊन शहरातील माणसे टिपणारा विद्यार्थी ही मोबाइलच्या काळातील करामत नव्हे. त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली.

त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते विल्यम जॉन्सन. त्यांनी १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पहिला खंड गुजरात, कच्छ, काठियावाडकडील लोकांचा आणि दुसरा महाराष्ट्राचा. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून ते सुकण्याच्या आत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, सारे काम उरकावे लागे. चित्र उमटण्यासही काही सेकंद लागत. माणूस हलला की चेहरा पुसट होई. भररस्त्यात हे जमणे कठीण. म्हणून जॉन्सनने माणसांची छायाचित्रे निवांत जागी बसवून घेतली, इमारतींची आणि निसर्गाची वेगळी घेतली, आणि छापताना दोन्हींची जोडणी केली. माणूस एका ठिकाणचा, पार्श्वभूमी दुसऱ्या ठिकाणची. निरखून पाहणाऱ्याला तो सांधा कळतो.

या खंडांतील दुसरी उणीव व्यापाऱ्याच्या नजरेला लगेच खटकते. चित्राखाली जातीचे नाव आहे; बसलेल्या माणसाचे स्वतःचे नाव बहुधा नाही. वही व्यवस्थित ठेवणाऱ्या दुकानदाराने ‘एक वाणी, रुपये शंभर’ अशी नोंद कधी केली असती काय? पण ज्या पिढ्यांनी नावानिशी उधारी लिहिली, त्यांच्यासारख्यांचीच छायाचित्रे अशी निनावी राहिली.

याच्या उलट उदाहरण समाजाला अभिमान वाटावा असे आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्याच्या जैन घराण्यात झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि तेथे १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा’ हा किताब दिला. सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. राजेरजवाडे, गोरे अधिकारी, व्यापारी यांची व्यक्तिचित्रे त्यांनी घेतली, आणि त्याच हाताने किल्ले, लेणी, राजवाडे, रस्तेही टिपले. छप्पनियाच्या काळात, म्हणजे संवत १९५६ च्या भीषण दुष्काळात, औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याची छायाचित्रे त्यांच्या स्टुडिओने काढली. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, म्हणून त्या आज पाहावयास मिळतात. घरच्या अडगळीत असत्या तर काय झाले असते, हे ज्यांच्या माळ्यावर जुन्या ट्रंका आहेत त्यांना सांगणे नको.

आता जालन्याकडे वळू. कुंडलिकेच्या दोन तीरांवर पसरलेले हे गाव आहे. एकीकडे जुना जालना, दुसरीकडे कादराबादची पेठ. १७२५ मध्ये बांधलेला मस्तगड, मोती तलाव, निजामी अमलात आलेली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे, कापसाच्या जिनिंगच्या जुन्या भिंती, नंतरची बी-बियाण्यांची कारखानदारी, आणि आता औद्योगिक वसाहतीतील सळईच्या भट्ट्या, असे या शहराचे थर आहेत. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे अनेकांना ठाऊक आहे. पण संकरित बियाण्याच्या पिशव्या शिवणारा, मोसंबीची प्रतवारी करणारा, रेशीम कोषांच्या बाजारात वजन करणारा, यांचे चेहरे कोणाला ठाऊक आहेत?

मुलांनी सुरुवात मोंढ्यातून करावी. सकाळी सौद्याच्या वेळी तेथे अडते, खरेदीदार, तोलार, हमाल आणि शेतकरी एका ढिगाभोवती उभे असतात. ऊन तिरपे असते, धान्याची धूळ उडत असते, आणि कोणालाही कॅमेऱ्यासाठी सजायला सवड नसते. एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ शेटजींचीच छायाचित्रे घेतली, तर तो प्रकल्प न होता स्मरणिका होईल. आणि स्मरणिका आपल्या समाजात पुष्कळ निघतात. वीस माणसे निवडायची तर त्यांत आठ-दहा तरी हमाल, तोलार, दिवाणजी, चहावाला, हातगाडीवाला अशी असावीत. मूळचे अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षे काम केले. ती माणसे शहराच्या पोटात उतरलेली दिसतात, आणि त्यांच्या घरातही दिसतात. त्या कामामुळे मुंबईकरांना आपलेच शहर वेगळे दिसले. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्रत्येक माणसामागे तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिले चेहऱ्याचे. दुसरे त्याच्या जागी, कामात असलेल्या माणसाचे. तिसऱ्यात माणूस नको. तो जेथे बसतो तेथूनच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून समोर जे दिसते ते टिपायचे. हे तिसरे छायाचित्र म्हणजे या प्रकल्पाचा प्राण. गादीवर बसून चाळीस वर्षे एका माणसाने जो रस्ता पाहिला, तो रस्ता त्याच्या जागेवरून पाहायचा. पूर्वी समोर कौलारू माडी होती, आता तेथे काचेची इमारत आहे, हे तो सांगेल; ते टिपून ठेवावे. जॉन्सनला माणसामागे शहर चिकटवावे लागले. येथे चेहरा आणि शहर एकाच जागेवरचे असतील, सांधा लपवावा लागणार नाही.

साधनांचा फार बाऊ करू नये. साधा मोबाइल पुरतो. मात्र तो तोंडाजवळ नेला की नाक मोठे व कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे सरून, भिंगाची दुप्पट वाढ वापरून चेहरा घ्यावा. दुकानात अंधार आणि रस्त्यावर ऊन असेल तर चेहरा काळवंडतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड ठरवावा, किंवा माणसाला ओट्याच्या कडेशी बसण्याची विनंती करावी. दुपारचे बारा ते तीन टाळावेत. चेहरा उजळ करणारी, त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी. सत्तरीच्या माणसाच्या सुरकुत्या ही त्याची कमाई आहे, ती पुसण्याचा अधिकार मुलांना नाही.

परवानगीचा विषय नाजूक आहे. आधी एकदा कॅमेऱ्याशिवाय जाऊन बसावे, चहा घ्यावा, कशासाठी आलो ते सांगावे, आणि दुसऱ्या खेपेस छायाचित्र घ्यावे. संमती दोन ओळींत लिहून सही घ्यावी; सही येत नसेल तर घरच्या कोणाच्या समक्ष. ‘नको’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. गुरु गणेश तपोधामासारख्या ठिकाणी विश्वस्तांना विचारल्यावाचून काही टिपू नये. साधु-साध्वींपैकी काही छायाचित्र घेऊ देत नाहीत. तेथे वास्तू, वृक्ष, गोशाळा एवढ्यावरच थांबावे. घराघरांतील श्राविकांना मात्र वगळू नये. पापड-मसाल्यांचा गृहोद्योग चालविणाऱ्या किंवा पतीच्या पश्चात दुकान सांभाळणाऱ्या बहिणी जुन्या छायाचित्रांत बहुधा कडेला उभ्या असतात. त्यांचे चित्र त्यांच्या जागी, त्यांच्या नावाने घ्यावे.

शेवटी नोंद. व्हाउचरवर तपशील नसेल तर लेखापरीक्षक ते परत करतो. तीच कडक शिस्त येथे हवी. नाव, वय, व्यवसाय, जागा, तारीख, वेळ, छायाचित्रकाराचे नाव, आणि माणसाने स्वतः सांगितलेल्या चार ओळी, एवढे प्रत्येक छायाचित्राबरोबर त्याच दिवशी लिहावे. चार दिवसांनी लिहू म्हटले की दोन तोलारांची नावे आपसात बदलतात. घरातील जुनी छायाचित्रे मिळाली तर मूळ प्रत घरीच ठेवावी, नक्कल तेवढी घ्यावी. कायद्याचा एक बारकावाही ध्यानात असावा : पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, आणि हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

सर्व संच दोन निरनिराळ्या जागी साठवावा, त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. प्रदर्शन भरवायचे झाल्यास भवनाचे सभागृह आहेच. पण तिसरी छायाचित्रे मोंढ्यातच, ज्या ओट्यांवरून ती घेतली त्या ओट्यांवर एक दिवस टांगली, तर अधिक लोक थांबून पाहतील. त्याआधी प्रत्येकाला त्याची छापील प्रत पोहोचवावी, आणि प्रथम हमालांना, कारण शेटजींच्या घरी भिंतीवर आधीच चार फोटो असतात.