ठोके मोजणारं बनियन

ईसीजी काढताना नर्सबाई छातीला ते गारेगार जेल का फासतात? कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, कोरड्या पेशींचा असतो आणि त्यातून वीज सहज वाहत नाही. हृदयाची वीज छातीवर पोचेपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते, म्हणजे रिमोटमधल्या सेलच्या सुमारे दीड हजारावा भाग. ती टिपायची तर मध्ये ओलावा हवा, तोही खारट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन ईसीजी काढत, तेव्हा रुग्ण मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसत.

अंगात घालून ठोके मोजायचे तर ही अडचण कापडालाच सोडवावी लागते.

कापडातून वीज नेणं त्यामानाने सोपं. रेशमाच्या दोऱ्यावर धातू गुंडाळायची जरीची युक्ती पैठणीमुळे आपल्या ओळखीची आहे. १९९० च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मॅगी ऑर्थ आणि रेमी पोस्ट कापडावर सर्किटं जुळवू लागले, तेव्हा त्यांनी वापरलं ते तांब्याची पट्टी गुंडाळलेल्या दोऱ्याचं रेशमी ऑर्गंझा. असं कापड भारतात पूर्वापार विणलं जातं, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं आहे. अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या बनियनाला मात्र जरीचा धागा सोसत नाही. तिथे चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा लागतो.

असं बनियन उलटं करून पाहा. छातीपाशी करड्या, किंचित चकाकणाऱ्या पट्ट्या दिसतील. हेच इलेक्ट्रोड. जेलचं काम इथे घाम करतो, तोही खारटच. घाम सुटेपर्यंत आलेख खरखरतो, म्हणून पट्ट्या आधी पाण्याने ओल्या करतात. बनियन घट्टही हवं, कारण पट्टी कातडीवर घसरली की त्या घसरण्यातून उठणारा गोंगाट ठोक्यापेक्षा मोठा ठरतो. माझ्या मते बनियनाची खरी परीक्षा शिंप्याच्या मापात आहे.

श्वासाची रीत वेगळी आणि मला सगळ्यात देखणी वाटणारी. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक, अशा दोन लवचीक पट्ट्यांत नागमोडी तार बसवलेली असते. तार शरीराभोवती वेढा घालते, म्हणजे ती एक गुंडाळीच झाली. श्वास घेतला की वेढ्यातलं क्षेत्रफळ वाढतं आणि गुंडाळीचा विद्युत गुणधर्म बदलतो. तो बदल मोजायचा. पट्ट्या दोन, कारण कुणी छातीने श्वास घेतो, कुणी पोटाने. घशात वाट अडली की छाती आणि पोट उलटसुलट हलतात. झोपेतला तो अडथळा यातून उमगतो.

या सगळ्या तारा येऊन मिळतात त्या नोंद ठेवणाऱ्या, काडेपेटीएवढ्या डबीला. जोडायला टिचबटण, शिलाईच्या दुकानातलं; दवाखान्यातल्या अनेक इलेक्ट्रोडनाही तेच असतं. कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सेंट-जॅक यांनी २०१९ मध्ये असाच ठोके आणि श्वास मोजणारा सदरा अंतराळ स्थानकात घालून पाहिला.

दवाखान्यातला ईसीजी बारा दिशांनी पाहतो, पण साधारण दहा सेकंदच. बनियन एकदोन दिशांनी, पण रात्रभर. अधूनमधून चुकणारा ठोका सापडतो तो रात्रभराच्या नोंदीत. हार्ट अटॅकच्या निदानाला मात्र बाराही दिशा लागतात, त्यामुळे छातीत कळ आली तर दवाखानाच गाठायचा.

धुताना डबी काढायची, पाणी थंड घ्यायचं, ब्लीच टाळायचं. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको. त्याचा तुळतुळीत थर चांदीवर बसतो आणि कातडी न् धाग्याच्या मध्ये पुन्हा पडदा येतो.