तुऱ्याच्या रंगावरून कोंबडीची परीक्षा

खेडेगावांत पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी पाचदहा तरी कोंबड्या असतात व अंड्यांचे चार पैसे बहुधा घरच्या बायांच्या हाती येतात. फिरता व्यापारी दारी आला की फिकट तुऱ्याची कोंबडी हेरून "ही आता कामातून गेली" असे सांगतो व अर्ध्या किमतीत पाटीत घालून नेतो. वास्तविक ती कित्येकदा निरोगी असून थोड्याच आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येणारी असते. उलटपक्षी, रोगाने जिचा तुरा काळवंडला ती घाईने बाजारात विकली जाते व तिजबरोबर साथ दुसऱ्या गावी पोहोचते. पहिल्या व्यवहारात एका घराचे नुकसान होते, दुसऱ्यात साऱ्या गावाचे.

तुऱ्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे आतील रक्ताचा रंग बाहेर दिसतो. परंतु तुऱ्याचा संबंध केवळ रक्ताशी नाही. इ. स. १८४९ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे बेर्टोल्ट नामक शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या नर पिलांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचे तुरे खुरटले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसविले, त्यांचे तुरे मात्र नेहमीप्रमाणे वाढले. मादीतही अंडाशय कामास लागला म्हणजे तुरा फुगून लालभडक होतो व हातास मऊ, उबदार लागतो. अंडी थांबली की तो आक्रसतो व फिका पडतो.

यास्तव फिका तुरा दिसताच प्रथम कोंबडीची अवस्था पाहावी. तलंग अंड्यावर येईपर्यंत तिचा तुरा लहान व फिकाच असावयाचा. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, चारा बेताचाच खाते. तिचाही रंग उतरतो. पिसे झाडणाऱ्या कोंबडीचे तसेच. अशी कोंबडी विकणे म्हणजे विश्रांती घेणारा बैल कसायास देणेच होय.

मात्र कोंबडी चारा सोडून पिसे फुगवून कोपऱ्यात बसत असेल व छातीचे हाड हातास धारदार लागत असेल, तर फिकेपणाचे कारण रक्त कमी होणे हे समजावे. पोटातील जंत हे एक कारण. पिलांच्या शिटेत रक्त दिसल्यास रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. परंतु ज्याकडे सर्वांत दुर्लक्ष होते तो शत्रू खुराड्यातच असतो. मोहरीहून बारीक किडे व गोचीड दिवसा फटींत दडून बसतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी कितीही न्याहाळली तरी ते सापडत नाहीत. रात्री कंदील घेऊन बसण्याच्या दांडीची खालची बाजू तपासावी. उपाशी किडा करडा, रक्त प्यालेला तांबडा दिसतो. दांड्या उकळत्या पाण्याने धुवाव्या, फटी बुजवून चुना द्यावा. जंतांचे औषध पशुवैद्यास विचारून द्यावे.

परीक्षा सकाळच्या उजेडात, कोंबड्या शांत असता करावी. पाठलाग करून धरलेल्या कोंबडीचा तुरा तात्पुरता लाल होतो. दोन निरनिराळ्या जातींची तुलना करू नये. पांढऱ्या लेगहॉर्नचा तुरा मोठा व एका बाजूस झुकलेला, तर असीलचा अगदी आखूड असतो. झाबुआकडील कडकनाथाचा तुरा तर मुळातच काळसर असतो. तेथे आमचा हा सारा हिशेब चालत नाही, चारा, शीट व हालचाल यांवरच भिस्त ठेवावी.

इतर कोंबड्यांत निळा वा जांभळा तुरा दिसला तर वाट पाहू नये. रक्तास प्राणवायू कमी पडत असल्याचे ते चिन्ह होय. कोंबड्यांचा पटकी, मानमोडी व बर्ड फ्लू यांत असा रंग येऊ शकतो. मानमोडी एकदा जडल्यावर त्यावर उपाय नाही, मात्र आधी टोचलेली लस संरक्षण देते. बर्ड फ्लू हा भारतात प्रथम २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला व तेथील असंख्य कोंबड्या माराव्या लागल्या. एकाच दिवशी दोनचार पक्षी असे काळवंडून मेले, तर उरलेले विकू नयेत, कापू नयेत, शेजारी देऊ नयेत. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. तपासणीसाठी तो नको असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा.