डोक्याचा मार आणि संप्रेरकांची आशा

अपघातात डोके आपटून बेशुद्ध झालेला माणूस रुग्णालयात आणला, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो : एखादे चांगलेसे इंजेक्शन नाही का? प्रश्न रास्त आहे. वरून जखम दिसत नसली तरी आत मेंदूला सूज चढत असते. कवटी पडली हाडाची. तिला फुगता येत नाही. त्यामुळे सुजलेला मेंदू दाबला जातो, आणि मूळ इजेपेक्षा मागाहूनची ही सूजच पुष्कळदा घातक ठरते. ती रोखण्यासाठी वैद्यकाने संप्रेरकांकडे, म्हणजे आपल्याच ग्रंथींतून रक्तात उतरणाऱ्या हार्मोनांकडे, आशेने पाहिले. त्या आशेची हकीगत येथे सांगावयाची आहे.

आशेला आधार होता. मधमाशी चावून अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर मांडीत टोचलेले अॅड्रेनलिन काही मिनिटांत माणसाला परत आणते. मधुमेहाने बेशुद्ध पडलेल्याला इन्सुलिन वाचविते. मेंदूतील गाठीभोवतालची सूज स्टेरॉइडने उतरते, हेही अनुभवाचे. मग माराची सूजही त्याने उतरेल, असे अनुमान निघाले व कित्येक दशके अनेक ठिकाणी ते देण्यात येऊ लागले.

अखेर याची मोठी परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून १०,००८ जखमींपैकी निम्म्यांना मेथिलप्रेड्निसोलोन व निम्म्यांना दिसायला तसाच पण निर्गुण द्रव देण्यात आला. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत औषधवाल्यांपैकी शंभरी सुमारे २१ दगावले, बिनऔषधाच्यांपैकी १८. म्हणजे शंभरांमागे तिघे औषधापायी गेले! आम्हांस यातील भयंकर गोष्ट ही वाटते की, खाटेशेजारी उभ्या असलेल्या कोणाही डॉक्टराला हे कधीच कळले नसते. अठरा जण एरवीही जाणारच होते. अधिकचे तीन कोणते, हे कोण ओळखणार?

दुसरी आशा प्रोजेस्टेरोनची. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरात विपुल असणारे हे संप्रेरक. अमेरिकेतील डोनाल्ड स्टाइन यांना प्रयोगातील उंदरांत असे दिसले की, मेंदूच्या इजेतून काही माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात, आणि ज्यांच्या रक्तात प्रोजेस्टेरोन अधिक त्या विशेष. पुढे ते टोचून पाहता सूज कमी भरली. अटलांटा येथे १०० रुग्णांवर प्रयोग झाला. २००७ सालच्या अहवालात मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. पुढच्याच वर्षी चीनमधील हांगचौ येथून १५९ रुग्णांचा तसाच निकाल आला : सहा महिन्यांत मृत्यू ३२ टक्क्यांऐवजी १८ टक्के. कोणालाही हुरूप यावा असेच हे आकडे होते.

मग दोन मोठे प्रयोग झाले. अमेरिकेतील प्रयोगात इजेनंतर चार तासांच्या आत औषध सुरू करावयाचे होते. बेशुद्ध माणसाची संमती घ्यावी कशी? म्हणून लोकांना आधी माहिती देऊन, त्यांची मते ऐकून, तेथील कायद्याने खास सवलत दिली होती. ८८२ रुग्ण झाल्यावर फायद्याचे चिन्ह नाही म्हणून तो मध्येच थांबविण्यात आला. चांगले सावरलेले औषधवाल्यांत ५१ टक्के, इतरांत ५५.५. दुसरा प्रयोग २१ देशांत, १,१९५ रुग्णांवर, तेथे ५०.४ आणि ५०.५! दोन्ही निकाल २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले.

उंदरांना लाभले ते माणसांना का लाभू नये? प्रयोगशाळेत सारे उंदीर एका वयाचे, मार मोजून एकाच जागी. रस्त्यावर एकाच्या मेंदूत रक्ताची गुठळी, दुसऱ्याचे तंतू तुटलेले, तिसरा वृद्ध. या सर्वांस एकच औषध लागू पडावे ही अपेक्षाच आम्हांस मोठी वाटते. पण हे आमचे मत, खात्रीचे उत्तर नव्हे.

आज डोक्याच्या माराची सूज उतरविण्यासाठी कोणतेही संप्रेरक देत नाहीत. श्वास व रक्तदाब सांभाळणे, त्वरित स्कॅन काढणे आणि गुठळी असल्यास शस्त्रक्रिया, यांवर भर असतो. मात्र एक अपवाद ध्यानात असावा. दम्यासाठी वा संधिवातासाठी जे दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. अपघाताच्या धक्क्यात तिला पुरेसा स्राव देता येत नाही व रक्तदाब कोसळतो. त्यांना हायड्रोकॉर्टिसोन द्यावेच लागते. अशा माणसाने गोळीचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी, आणि घरच्यांनी ती डॉक्टरांस पहिल्या भेटीतच दाखवावी.